आधी डोळा, मग जटा : एका पर्शियन मांजरीचे प्रकरण

साडेचार वर्षांची, नसबंदी झालेली पर्शियन मांजरी. तिला आणले होते केस उतरवण्यासाठी. दोन्ही काखा, पोट, जांघा आणि मांड्यांची मागची बाजू इथे केसांच्या घट्ट जटा झाल्या होत्या. घरच्यांना वाटत होते, एकदा मशीन फिरवली की प्रश्न सुटेल. उजवा डोळा किलकिला होता, पण त्यासाठी तिला आणलेले नव्हते. लहानपणापासून दोन्ही डोळे गळतात, नाकाच्या बाजूने तांबूस ओघळ असतातच, त्यामुळे डोळ्याची तक्रार घरात नेहमीचीच होऊन बसली होती.

वजन भरले ३.४ किलो. आठ महिन्यांपूर्वी लसीच्या वेळी ते ३.७ किलो होते. म्हणजे जवळजवळ ८ टक्के घट, आणि ती केसांच्या पसाऱ्याखाली कोणालाच दिसली नव्हती. लांब केसांच्या मांजरीचा अंदाज नजरेने येत नाही. दर महिन्याला वजन करावे, आणि पाठीचा कणा व बरगड्या हाताने चाचपाव्यात.

विचारपूस करताना आणखी एक गोष्ट कळली. ओघळ कमी व्हावेत म्हणून आठ दिवसांपूर्वी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतले केस छोट्या कात्रीने बारीक कापले होते. उजव्या बाजूचे जरा जास्तच. या प्रकरणाची गुरुकिल्ली तिथेच होती.

गळणारे पाणी आणि कापलेले केस

चपट्या चेहऱ्याच्या मांजरीत डोळ्याची खोबण उथळ असते. डोळा पुढे आलेला असतो आणि पापण्या झोपेतही कधीकधी पूर्ण मिटत नाहीत. खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित आत वळलेली असते. अश्रू नाकात नेणारी नलिका लांब तोंडाच्या मांजरीत बऱ्यापैकी सरळ जाते. इथे मात्र सुळ्याच्या मुळाखालून तिला तीव्र वळण घ्यावे लागते. नलिका बंद नसली तरी पाणी त्या वाटेने पुरेसे उतरत नाही आणि गालावर येते. अश्रूंत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये असतात. केसांवर ती साचून वाळली की तांबूस-तपकिरी डाग पडतो. तो डाग म्हणजे रक्त नव्हे, आणि तेवढ्यावरून संसर्ग आहे असेही म्हणता येत नाही.

आतल्या कोपऱ्यातले केस लांब असतात तेव्हा ते ओले होऊन गालाकडे आडवे पडतात. कापले की दोन-तीन मिलिमीटरचे ताठ खुंट उरतात. आधीच आत वळलेल्या पापणीबरोबर हे खुंट थेट डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, प्रत्येक उघडझापीला घासतात. कात्री मारल्यावर पहिले दोन दिवस चेहरा स्वच्छ दिसतो आणि मग डोळा पूर्वीपेक्षा जास्त गळू लागतो, तो यामुळे. इथेही तसेच झाले होते. पाणी वाढले तसे घरच्यांनी पुसणे वाढवले, तेही सुगंधी ओल्या रुमालाने. खरचटलेल्या डोळ्याला त्याचा आणखी त्रास झाला.

दोन्ही डोळे वर्षानुवर्षे सारखेच गळत असतील तर तो बहुधा चेहऱ्याच्या ठेवणीचा भाग असतो. एक डोळा दुसऱ्याहून वेगळा वागू लागला की तो त्याच दिवशी दाखवायचा. या मांजरीच्या उजव्या डोळ्यात चार फरक होते : डोळा अर्धा मिटलेला, तिसरी पापणी (आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा) वर आलेली, चिपड पिवळट, आणि त्या बाजूच्या पुढच्या पंजाचे केस चिकट. पंजा चिकट असणे म्हणजे ती डोळा चोळत होती.

तपासणीचा क्रम

डोळ्यात कोणताही थेंब घालण्याआधी शिर्मर पट्टी लावली. ही सोख कागदाची पट्टी खालच्या पापणीत १ मिनिट ठेवून किती ओल चढली ते मोजतात. उजवीकडे १९ मिलिमीटर, डावीकडे १३. उजवा आकडा वेदनेने आलेल्या पाण्याचा होता. कोरडेपणा नव्हता.

मग फ्लुरोसीन रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिले. कॉर्नियाचा वरचा थर खरचटलेला असेल तिथेच हा रंग धरतो. उजव्या कॉर्नियावर, खाली आणि नाकाच्या बाजूला, सुमारे ३ मिलिमीटरचा उथळ व्रण हिरवा चमकला. डाव्या डोळ्यावर रंग धरला नाही. व्रणाची जागा बोलकी होती. कापलेले खुंट जिथे टेकत होते तिथेच तो होता. दहा मिनिटे थांबूनही रंग दोन्ही नाकपुड्यांत उतरला नाही. चपट्या चेहऱ्यात यावरून नलिका बंद आहे असे ठरवता येत नाही, म्हणून तो निष्कर्ष पुढे ढकलला.

त्यानंतर बधिर करणारा थेंब घातला. याचे दोन फायदे असतात. एक म्हणजे तिसऱ्या पापणीच्या मागे बोथट चिमट्याने पाहता येते. तिथे कापलेल्या केसांचे तीन तुकडे श्लेष्मात गुंडाळलेले सापडले, आणि ते सलाइनने धुऊन काढले. दुसरे, वेदनेमुळे आवळलेली पापणी सैल पडते आणि ती मुळात किती आत वळलेली आहे ते कळते. इथे बरेचसे वळण नाहीसे झाले, थोडे उरले. म्हणजे पापणीची शस्त्रक्रिया लगेच करण्याचे कारण नव्हते. हा थेंब फक्त तपासणीसाठी असतो. तो घरी वापरायला दिला तर व्रण भरत नाही आणि कॉर्निया खराब होतो.

डोळ्यातला दाब उजवीकडे १४ आणि डावीकडे १६ मिलिमीटर पारा, म्हणजे ठीक. कॉर्नियावर तपकिरी ठिपका कुठेही नाही, हे मुद्दाम नोंदवले. पर्शियन आणि हिमालयन मांजरींत कॉर्नियाचा एखादा भाग मरून तपकिरी-काळा पडतो. त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. न भरलेला व्रण आणि सतत घासणारे केस ही त्याची नेहमीची पूर्वपीठिका. घरी तो सुकलेल्या चिपडासारखा दिसतो आणि नखाने काढायचा मोह होतो. पुसून न निघणारा ठिपका कधीही खरवडू नये.

जटा थांबवल्या, त्यामागचे कारण

घरच्यांची मागणी त्याच दिवशी केस उतरवण्याची होती. ती मानली नाही, आणि आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

इतक्या जटा जागेपणी काढणे म्हणजे मांजरीला तासभर धरून ठेवणे. ताणाचा डोळ्याशी सरळ संबंध आहे. मांजरांचा हर्पीस विषाणू बहुतेक मांजरांना कधी ना कधी गाठतो, मग मज्जातंतूंच्या गाठीत आयुष्यभर दबा धरून बसतो आणि मोठ्या ताणानंतर साधारण आठवड्याभराने पुन्हा डोके वर काढतो. व्रण असलेल्या डोळ्यात तो उसळला तर भरत आलेली जखम पुन्हा पसरते. भूल देऊन काढायचे म्हटले तर भुलीत मांजरीचे डोळे उघडे राहतात आणि अश्रू कमी होतात. शिवाय अंगभर उडणारे बारीक केस उघड्या व्रणावर पडतात.

अपवाद फक्त एका ठिकाणी केला. शेपटीखाली विष्ठा अडकलेली एक जट होती. तिथली कातडी सडण्याचा धोका होता, म्हणून ती पाच मिनिटांत क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, काढली. बाकीच्या जटा दोन आठवडे थांबू शकत होत्या.

डोळ्याचे दोन आठवडे

डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम दिवसातून ४ वेळा, परिरक्षक नसलेले हायलुरोनेटचे वंगण-थेंब ४ ते ६ वेळा, तोंडावाटे वेदनाशामक आणि गळ्यात शंकूसारखी कॉलर असे ठरवले. थेंब आधी, मलम नंतर, मध्ये निदान १० मिनिटे. उलट क्रमाने केले तर मलमाच्या थरावरून थेंब घसरून जातो. मलमाची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. नळीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागता कामा नये.

हे घरी करायचे तर मांजरीला टेबलावर, तिची पाठ आपल्या पोटाला टेकवून बसवावे. डावा हात हनुवटीखालून घेऊन तोंड थोडे वर करावे. उजव्या हाताची करंगळी तिच्या कपाळावर टेकवली की ती हलली तरी हात तिच्याबरोबर हलतो. औषध वरून, डोक्याच्या मागच्या बाजूने आणावे. समोरून येणारी नळी पाहून मांजर मागे सरते.

स्टेरॉइड असलेले थेंब व्रणावर चालत नाहीत. व्रण खोल जातो, डोळा फुटूही शकतो. जुनी अर्धी बाटली घरात असते आणि 'मागच्या वेळी याने लाली गेली होती' म्हणून ती घातली जाते. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी काही लिहिले असेल तर ती बाजूला ठेवावी. माणसांची लाली घालवणारी थेंबे नकोत. पॅरासिटामॉल तर एका गोळीच्या तुकड्यानेही मांजरीचा जीव घेऊ शकते.

तिसऱ्या दिवशी व्रण २ मिलिमीटर झाला. पाचव्या दिवशी घरी कॉलर काढली गेली, कारण ती जेवत नव्हती. रात्रीतून तिने डोळा पुन्हा चोळला आणि सहाव्या दिवशी व्रण होता तेवढाच राहिला. अडचण कॉलरच्या लांबीची होती. चपट्या तोंडाची मांजर खोल वाटीतून कॉलरसह खाऊ शकत नाही. पसरट बशी दोन इंच उंच ठेवली आणि कॉलर नाकाच्या टोकापुढे दोनच सेंटिमीटर राहील इतकी कापली. त्यानंतर ती खाऊ लागली. अकराव्या दिवशी रंग कुठेच धरला नाही.

साधा उथळ व्रण ५ ते ७ दिवसांत भरावा. त्यापुढे लांबला तर औषध बदलत बसण्यापेक्षा कारण शोधावे : अजून काही घासते आहे का, हर्पीस आहे का, कॉर्नियाचा रंग बदलतो आहे का. इथे कारण कॉलरचे निघाले. कुत्र्यांत न भरणाऱ्या व्रणावर सुईने चौकटी रेघा मारण्याची पद्धत आहे. मांजरीत ती करू नये, त्याने सिक्वेस्ट्रमचा धोका वाढतो.

भूल एकदाच, कामे चार

पंधराव्या दिवशी भूल दिली. त्याआधी रक्ततपासणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली. पर्शियन मांजरींत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आहे, एका पालकाकडून आलेला जनुकही त्यासाठी पुरतो. त्यामुळे या जातीत सोनोग्राफी न करता भूल देणे बरे नव्हे. गाठी नव्हत्या. हृदयही ऐकून घेतले.

सुरुवातीलाच दोन्ही डोळ्यांत जाड वंगण-मलम भरले, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा.

पहिले काम जटांचे. कात्री एकाही जटेला लावली नाही. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की ती तंबूसारखी वर येते आणि कात्रीच्या पात्यात सापडते. काखेत आणि जांघेत तर कातडीचा पडदाच असतो. १० नंबरचे पाते लावलेला क्लिपर कातडीला समांतर, आडवा धरून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून चालवला. टोक खाली झुकले की कापते. पाते तापते म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी ते मनगटावर लावून पाहायचे, आणि चटका वाटला तर बदलायचे. स्तनाग्रे आधी बोटाने शोधून ठेवायची.

जटांखाली कातडी लाल होती. डाव्या काखेत ओलसर चट्टा होता आणि पोटावर दोन जुने निळे डाग. जट प्रत्येक पावलागणिक कातडी ओढते, त्याने असे होते. चिकटपट्टीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही केस बुरशीच्या तपासणीलाही पाठवले, कारण पर्शियन मांजरींत गजकर्णाची बुरशी काहीही लक्षण न दाखवता राहू शकते आणि घरातल्या माणसांना लागू शकते. ती निघाली नाही.

पाठीचे आणि शेपटीचे केस तसेच ठेवले. सगळे अंग उतरवणे सोपे असते, पण आम्ही ते सुचवत नाही. केस पूर्ववत व्हायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात येणारी मऊ लव आणखी लवकर गुंतते. आणि ज्यांच्या अंगावर गडद टोकांचा नमुना असतो, अशा हिमालयन मांजरीत उतरवलेली जागा थंड राहिल्याने नवे केस काळपट येतात.

दुसरे काम अश्रूनलिकेचे. श्वासनलिकेत नळी असताना, डोके उतरते ठेवून, वरच्या छिद्रातून सलाइन सोडले. दोन्ही बाजूंनी ते नाकात आले, पण सावकाश. म्हणजे वाट खुली होती, फक्त वळणाची होती. घरच्यांना स्पष्ट सांगता आले की गळणे कमी होईल, पण बंद होणार नाही.

तिसरे, दातांचे एक्स-रे. खालच्या डावीकडचा एक पूर्वदाढेचा दात मुळापासून विरघळत चालला होता. वजन का घटले आणि जटा या आठ महिन्यांतच का वाढल्या, याचा उलगडा तिथे झाला. दुखऱ्या तोंडाने मांजर अंग चाटत नाही. तो दात काढणे हे चौथे काम. जो कोणी वर्षानुवर्षे नीट राहिलेली मांजर अचानक गुंतलेली पाहील, त्याने कंगव्याआधी तोंड, सांधे आणि वजन पाहावे.

घरची रोजची निगा

सकाळी एकदा आणि पाणी जास्त असेल तर रात्री, चेहरा. ०.९ टक्क्याचे निर्जंतुक सलाइन आणि धागे न सुटणारी मऊ गॉझ घ्यायची. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. वाळलेले चिपड घासायचे नाही. ओली गॉझ १० ते १५ सेकंद त्यावर नुसती धरली की ते सुटते. मग आतल्या कोपऱ्यापासून खाली गालाकडे एकदाच पुसायचे. त्यानंतर कोरड्या गॉझने टिपणे, आणि हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. ओलसर राहिलेल्या घडीत यीस्ट वाढते, वास येतो आणि डाग गडद होतो. शेवटी बारीक दातांच्या फणीने कोपऱ्यातले केस डोळ्यापासून दूर, खालच्या दिशेला बसवायचे. फणीचे दात डोळ्याकडे तोंड करून कधीही नेऊ नयेत.

हायड्रोजन पेरॉक्साइड, बोरिक पावडर, चहाचे पाणी, लहान मुलांचा शाम्पू हे काहीही डोळ्याजवळ नको. क्लोरहेक्झिडिनचा साबणी द्राव कॉर्निया जाळतो. डाग घालवणाऱ्या खायच्या काही पावडरींत टायलोसिन हे अँटिबायोटिक असते. त्याने रंग फिका पडतो, पण केवळ दिसण्यासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणे चुकीचे आहे. हर्पीससाठी लायसिन द्यायची पद्धतही बरीच वर्षे होती. पुढच्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही.

कापलेले खुंट लांब होऊन आडवे पडेपर्यंत साधारण आठ आठवडे गेले. तोवर दिवसातून दोनदा वंगण-जेल चालू ठेवले, म्हणजे खुंट घासले तरी कोरडे घासत नाहीत. तिथे पुन्हा कात्री लावायची नाही, हे घरच्यांना लिहून दिले.

अंगासाठी दोन साधने पुरतात : रुंद दातांचा धातूचा कंगवा आणि बारीक दातांची धातूची फणी. पूर्वी घरी फक्त मऊ ब्रश होता. तो वरचे केस चकचकीत करतो आणि आतली लव तशीच सोडतो, म्हणून मांजर वरून सुंदर आणि आतून नमद्यासारखी घट्ट होते. केस हाताने उलटे धरून, कातडीची रेघ दिसेल असे थर पाडून, एकेक थर खाली विंचरायचा. रुंद कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला की फणी. फणी अडली तर काम झालेले नाही. कानामागे, काखा, छाती, पोट, मांड्यांची मागची बाजू इथे रोज. पाठीला एक दिवसाआड चालते. हनुवटीखालची झालरही विसरू नये, अश्रू आणि पाणी तिथेच उतरते.

सुरुवातीची गाठ बोटांनी, चिमूटभर कॉर्नस्टार्च चोळून, टोकाकडून मुळाकडे सोडवायची. केस मुळाशी दोन बोटांत दाबून धरले की कातडीला ओढ बसत नाही. मिनिटभरात सुटली नाही तर क्लिपर. पावडर चेहऱ्याच्या आसपास नको.

तिसऱ्या आठवड्यात ती कंगवा पाहताच चावू लागली. दात काढल्याची जखम भरली होती, पण कंगवा म्हणजे दुखणे हे तिच्या डोक्यात बसले होते. म्हणून वेळ १० मिनिटांवरून २ मिनिटांवर आणली. सुरुवात पाठीपासून, प्रत्येक काखेला दोनच ओढी, आणि ओला खाऊ कंगवा हातात असतानाच. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले की तिथेच थांबायचे. एका महिन्यात ती ८ मिनिटे बसू लागली.

अंघोळ पाच-सहा आठवड्यांनी एकदा पुरते, आणि ती पूर्ण विंचरल्यावरच. पाणी लागले की जट आवळते आणि मग ती कंगव्याने सुटत नाही. पाणी ३७-३८ अंश, शाम्पू मांजरींचाच आणि पाण्यात पातळ केलेला. परमेथ्रिन (पिसवा मारण्याचे औषध) किंवा टी-ट्री तेल असलेले काही नको, मांजरीच्या यकृताला ते पेलत नाही. चेहऱ्यावर फवारा मारायचा नाही. टॉवेलने टिपून, कमी उष्णतेच्या ड्रायरखाली विंचरत, आतली लव पूर्ण कोरडी करायची. अर्धवट सुकवली तर दोन दिवसांत गाठी.

सहा महिन्यांनंतर

वजन ३.८ किलो. जटा नाहीत. पोटावरचे केस अजून आखूड आहेत. डोळे गळतात, डाग फिकट आहे, दोन्ही बाजूंनी सारखा. उजव्या कॉर्नियावर व्रणाच्या जागी धूसर खूण उरली आहे. ती नजरेच्या आड येत नाही.

उजवी पापणी अजून किंचित आत वळलेली आहे. तिथे एकदा जरी पुन्हा व्रण झाला, तर आतल्या कोपऱ्याची शस्त्रक्रिया करून पापणी बाहेर वळवायची आणि केसांची ती घडी डोळ्यापासून दूर न्यायची असे ठरले आहे. तोवर दर तीन महिन्यांनी रंग टाकून तपासणी. आणि डोळा मिटलेला, कॉर्निया निळसर-पांढरा किंवा वितळल्यासारखा, नवा तपकिरी ठिपका, हिरवट चिपड, दोन बाहुल्या लहान-मोठ्या, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, केस कितीही गुंतलेले असले तरी आधी डोळा दाखवायचा.